चंदेरी गाडीच्या वाटेने : मँचेस्टर ते बोव्हिंग्टन

मँचेस्टरच्या मध्यभागी मिडलँड हॉटेल उभे आहे. लाल विटा, भाजलेल्या मातीची नक्षी आणि खाली गुळगुळीत ग्रॅनाइट. मिडलँड रेल्वे कंपनीने १९०३ साली आपल्या प्रवाशांसाठी ते बांधले. कारखान्यांच्या धुराची काजळी भिंतींवर बसली तरी धुऊन काढता यावी, म्हणून असा दगड आणि अशी माती निवडली होती. ४ मे १९०४ रोजी या हॉटेलात दोन माणसे पहिल्यांदा भेटली. एकाचे वय ४१, दुसऱ्याचे २६. पहिले हेन्री रॉइस : एका पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा, विजेची यंत्रे आणि क्रेन बनवणारे कारखानदार. दुसरे चार्ल्स रोल्स : लॉर्ड लँगॅटक यांचे धाकटे चिरंजीव, केंब्रिजला शिकलेले, लंडनमध्ये परदेशी मोटारी विकणारे. रॉइस यांनी स्वतः बनवलेली दोन सिलिंडरांची छोटी गाडी रोल्स यांनी पाहिली, तिच्यातून फेरी मारली आणि रॉइस बनवतील त्या सगळ्या गाड्या आपण विकू, असे ठरवून टाकले. डिसेंबरमध्ये रीतसर करार झाला आणि मार्च १९०६ मध्ये रोल्स-रॉइस ही कंपनी नोंदली गेली.

मला या प्रवासात शोधायची होती ती या कंपनीची एकच गाडी. कंपनीच्या कागदावर तिचे नाव होते ‘४०/५० अश्वशक्ती’. जग तिला ‘सिल्व्हर घोस्ट’ म्हणून ओळखते. १९०६ ते १९२६ अशी वीस वर्षे ती बनत राहिली. श्रीमंतीचे दुसरे नाव झालेली ही गाडी कुठे जन्मली, कुठे वाढली आणि तिच्यात असे होते तरी काय, हे पाहत मी इंग्लंडच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरलो.

हॉटेलपासून रॉइस यांचा कुक स्ट्रीटवरचा कारखाना चालत जाण्याच्या अंतरावर होता. ‘होता’ असेच म्हणावे लागते. हा भाग ह्यूम. एकोणिसाव्या शतकात इथे गिरणीकामगारांच्या दाटीवाटीच्या चाळी होत्या. १९६०च्या दशकात महापालिकेने जुनी वस्ती पाडली आणि कारखान्याची जागाही त्यात गेली. आज तिथे मोकळे हिरवे तुकडे आणि नव्या बांधणीची घरे दिसतात. जुन्या खुणांपैकी नावे तेवढी उरली आहेत : एका रस्त्याला रॉइस रोड म्हणतात, दुसऱ्याला रोल्स क्रेसेंट. जगातल्या सर्वांत महागड्या गाड्यांपैकी एक मजुरांच्या वस्तीतल्या गल्लीत जन्मली, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या जागी उभे राहून आजूबाजूला पाहणे वेगळे. इथे कुठेही वैभवाचा मागमूस नाही, आणि तेव्हाही नव्हता.

मँचेस्टरशी आपली ओळख कापसाची. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, तिथला कापूस थांबला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवले. वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईमार्गे इकडे आला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या गिरण्यांमुळेच या शहरात लोखंड कापणारे, ओतणारे, घासणारे कसबी कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले होते. रॉइस १८८४ मध्ये इथे आले ते या कारागिरांच्या आणि यंत्रांच्या शहरात. सुरुवातीला दारावरच्या विजेच्या घंटा, मग डायनॅमो, मग क्रेन. एक जुनी फ्रेंच देकोव्हिल गाडी त्यांनी विकत घेतली, ती खोलली, तिचा एकेक भाग तपासला आणि यापेक्षा चांगली आपण बनवू, असे ठरवले.

पहिल्या दोन वर्षांत त्यांनी किती तऱ्हा करून पाहिल्या, ते पाहिले की थक्क व्हायला होते. दोन सिलिंडरांची १० अश्वशक्तीची, तीन सिलिंडरांची १५ची, चार सिलिंडरांची २०ची, सहा सिलिंडरांची ३०ची. एक आठ सिलिंडरांचीही होती. तिच्या एका प्रकाराचे नावच ‘लीगॅलिमिट’. इंग्लंडमध्ये तेव्हा ताशी २० मैलांची वेगमर्यादा होती आणि त्या गाडीचे इंजिन त्यापुढे जाणारच नाही असे बांधलेले होते. गिऱ्हाइकांना मात्र कायदा पाळणारी गाडी नको होती. त्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच बनल्या.

खरी अडचण सहा सिलिंडरांच्या इंजिनात होती. सहा दट्ट्ये एका लांब क्रँकशाफ्टला आळीपाळीने रेटतात, तेव्हा तो दांडा पिळला जातो आणि सुटतो. ठरावीक वेगाला ही पिळवट इतकी वाढते की इंजिन थरथरते आणि दांडा मोडूही शकतो. ३० अश्वशक्तीच्या गाडीत रॉइस यांनी हे भोगले होते. तिच्यात सिलिंडर दोन-दोनच्या तीन गठ्ठ्यांत ओतलेले होते. नव्या ४०/५०मध्ये त्यांनी ते तीन-तीनच्या दोन गठ्ठ्यांत ओतले. क्रँकशाफ्ट जाड केला, त्याला सात ठिकाणी बेअरिंगांचा आधार दिला, तो आतून पोकळ ठेवला आणि पंपाच्या दाबाने त्यातून प्रत्येक बेअरिंगपर्यंत तेल पोचवले. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत तेल थेंबाथेंबाने ठिबकायचे किंवा नुसते उडायचे. नोव्हेंबर १९०६ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात ही चासी, म्हणजे वरच्या डब्याविना नुसती गाडी, लोकांनी प्रथम पाहिली.

मँचेस्टरहून डर्बीला जाणारा जुना रस्ता पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांतून जातो. स्टॉकपोर्ट सोडले की चढ लागतो. चुनखडीचे उघडे डोंगर, चुन्याशिवाय नुसते दगड रचून केलेल्या मैलोन्‌मैल लांब कुंपणभिंती, त्यांत मेंढ्या. बक्स्टन हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव. पुढे बेकवेल, मॅटलॉक आणि मग डर्वेंट नदीचे अरुंद खोरे. आपल्या सह्याद्रीच्या घाटांपुढे हे डोंगर बुटके वाटतात, पण चढ अचानक येतात. सुरुवातीच्या मोटारींची परीक्षा अशाच रस्त्यांवर होत असे, आणि या गाडीची गिअरपेटी का बदलत गेली तेही इथेच नीट कळते.

पहिल्या ४०/५०ला चार गिअर होते. त्यांतला तिसरा थेट होता, म्हणजे इंजिनाचा फेरा जसाच्या तसा मागे जायचा. चौथा सपाटीवर धावण्यासाठी, इंजिन सावकाश आणि चाके भरभर. पण चालकांना एकदा वरच्या गिअरमध्ये टाकले की खाली उतरायचे नसे. चढावर तो गिअर इंजिनाला पेलत नसे, आणि थेट नसल्यामुळे त्याचा आवाजही यायचा. म्हणून १९०९ मध्ये पेटी तीन गिअरची झाली आणि इंजिनाची ताकद वाढवली गेली. सिलिंडरचा व्यास साडेचार इंच होता. दट्ट्याची धावही आधी साडेचार इंच होती, ती पावणेपाच झाली. इंजिन ७,०३६ सीसीवरून ७,४२८ सीसीवर गेले. आज आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या १,२०० सीसीच्या छोट्या गाडीचे अख्खे इंजिन जेवढे, साधारण तेवढा या गाडीचा एकेक सिलिंडर होता. आणि एवढ्या अजस्र इंजिनाची ताकद सुरुवातीला मिनिटाला बाराशेच्या आसपास फेऱ्यांना सुमारे ४८ अश्वशक्ती! आजचा वाचक या आकड्याला हसेल. पण रॉइस यांनी ताकद पिळून काढलीच नव्हती. मोठे इंजिन सावकाश फिरवायचे, कशावरही ताण येऊ द्यायचा नाही, म्हणजे आवाज होत नाही आणि झीजही होत नाही. त्यांच्या गाडीचे सगळे सुख या एका निर्णयातून आले, असे माझे मत आहे.

त्या निर्णयाची परीक्षा १९११ मध्ये झाली. प्रतिस्पर्धी नेपिअर कंपनीने लंडन ते एडिंबरा हे अंतर फक्त वरच्या गिअरमध्ये कापून दाखवले होते. रोल्स-रॉइसने तेच आव्हान घेतले. गाडी चालवली अर्नेस्ट हाइव्ह्‌ज यांनी, जे पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले. लंडनहून एडिंबरा आणि परत, सगळे वरच्या एकाच गिअरमध्ये, आणि पेट्रोलचा हिशेब गॅलनला २४.३२ मैल, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला साडेआठ किलोमीटरांहून जास्त. सात लिटरांच्या इंजिनाला! तीच गाडी मग ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर ताशी ७८ मैलांनी पळाली. पुढच्याच वर्षी मात्र आल्प्सने तिचा गर्व उतरवला. जेम्स रॅडली नावाच्या धाडसी चालकाची गाडी १९१२च्या आल्पाइन स्पर्धेत ऑस्ट्रियातल्या कात्शबर्ग घाटात अडली आणि आतल्या माणसांना उतरावे लागले. तीन गिअर त्या चढाला पुरले नाहीत. कंपनीने कारणे देत बसण्याऐवजी पुन्हा चार गिअरची पेटी तयार केली आणि १९१३च्या स्पर्धेत गाड्यांचा ताफाच उतरवला. त्यांनी तो घाट आणि सगळी स्पर्धा गाजवली. या नमुन्याला पुढे ‘आल्पाइन ईगल’ हे नाव पडले.

डर्वेंटच्या याच खोऱ्यात क्रॉमफर्ड आहे. रिचर्ड आर्कराइटने १७७१ मध्ये पाण्यावर चालणारी सूतगिरणी इथे सुरू केली. कामगारांसाठी घरे आणि पाळ्यांचे वेळापत्रक हे सगळे इथे आकाराला आले. आपल्या गिरणगावाचे मूळ शोधायचे तर ते या छोट्या गावात सापडते. डर्वेंट खोऱ्यातल्या गिरण्यांना २००१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. नदीच्या काठाकाठाने खाली उतरले की डर्बी येते. तिथे याच नदीवर १७२१च्या सुमारास पूर्ण झालेली लोंब यांची रेशीमगिरणी होती. त्या जागी आता ‘म्युझियम ऑफ मेकिंग’ आहे. दारातून आत शिरताच डोक्यावर विमानाचे अख्खे ट्रेंट १००० इंजिन टांगलेले दिसते. रेशमाच्या रिळापासून विमानाच्या इंजिनापर्यंत एकाच नदीकाठचे तीनशे वर्षांचे हस्तकौशल्य एका छताखाली पाहायला मिळते. मला इंग्लंडमधले हे सर्वांत प्रामाणिक संग्रहालय वाटले, कारण इथे राजांच्या वस्तूंपेक्षा कारागिरांची हत्यारे जास्त आहेत.

कंपनी १९०८ मध्ये डर्बीला आली ती पैशाच्या हिशेबाने. मँचेस्टरची जागा पुरेना. डर्बीच्या नगरपालिकेने स्वस्त दरात वीज देऊ केली, जमीन मिळाली आणि मिडलँड रेल्वेमुळे गावात कुशल कामगार होतेच. नाइटिंगेल रोडवरच्या कारखान्याचे उद्घाटन ९ जुलै १९०८ रोजी बोल्यूचे लॉर्ड माँटेग्यू यांनी केले. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे त्यांचे गाव लागणार आहे. त्याच वर्षी कंपनीने आणखी एक धाडसी निर्णय घेतला : बाकी सगळे नमुने बंद, फक्त ४०/५० बनवायची. एकाच गाडीवर सगळा डाव. क्लॉड जॉन्सन या व्यवस्थापकाने हे पटवून दिले. दोन संस्थापकांच्या नावांमधली जोडरेघ म्हणजे जॉन्सन, असे लोक म्हणत.

नाइटिंगेल रोडचा जुना कारखाना आता नाही. समोरची देखणी इमारत आणि तिच्यातले संगमरवरी दालन जपले आहे, मागच्या जागेत घरे झाली आहेत. गावातली जुनी माणसे आजही कंपनीला नुसते ‘रॉइसेस’ म्हणतात. रोल्स यांचे नाव त्यांच्या तोंडी येत नाही. मोटारी डर्बीत दुसऱ्या महायुद्धापर्यंत बनल्या, नंतर ते काम क्रू गावी गेले आणि डर्बीने विमानांची इंजिने घेतली. त्यामुळे इथल्या तरुणाला रोल्स-रॉइस म्हटले की मोटार आठवत नाही, विमान आठवते. रॉइस यांचा पुतळाही इथे आहे. तो १९२३ मध्ये उभारला तेव्हा ते हयात होते. जिवंत इंजिनिअरचा पुतळा गावाने उभारावा, हे मला फार भावले.

डर्बीच्या शॉपफ्लोअरवर गाडी जुळवण्याची पद्धत ऐकली की तिची किंमत कळते. चासीचे भाग रिव्हेट ठोकून जोडण्याऐवजी निमुळत्या बोल्टांनी जोडत, आणि भोक त्या बोल्टाच्या मापाने हाताने घासून घेत. प्रत्येक इंजिन बाकावर चालवून तपासले जाई, मग चासी रस्त्यावर फिरवून पुन्हा तपासली जाई. १९०६ ते १९२६ या काळात नाव तेच राहिले, पण आत बदल चालूच होते. मागचे पाटे अनेकदा बदलले आणि १९१२च्या सुमारास लांब कँटिलिव्हर पाटे आले. विजेचे दिवे पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर मिळू लागले, विजेचा स्टार्टर १९१९ मध्ये आणि चारही चाकांना ब्रेक थेट १९२४च्या आसपास. म्हणजे तोपर्यंत ही दोन-अडीच टनांची गाडी फक्त मागच्या चाकांच्या ब्रेकवर थांबत असे. इतर कंपन्या नवलाईच्या गोष्टी आधी आणत, ही कंपनी खात्री पटल्यावर आणत असे. ब्रेकच्या बाबतीत तिने फार उशीर केला, हे मात्र खरे.

डर्बीहून लंडनच्या वाटेवर थोडी वाकडी वाट करून पीटरबरोजवळच्या ऑल्वॉल्टन या खेड्यात गेलो. दगडी घरे, नीन नदी आणि छोटे चर्च. १८६३ मध्ये रॉइस इथे जन्मले. वडिलांची गिरणी बुडाली, कुटुंब लंडनला गेले आणि नऊ वर्षांच्या हेन्रीला पोरके करून वडील वारले. मुलाने वर्तमानपत्रे विकली, तारा वाटल्या. एका आत्याने वर्षाला २० पौंड भरून त्याला पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात उमेदवार म्हणून लावले. तीन वर्षांनी तिचे पैसे संपले आणि शिकणे थांबले. पुढे सरदारकी मिळालेला हा माणूस स्वतःची ओळख ‘मेकॅनिक’ अशीच करून देत असे. त्यांच्या अस्थी याच चर्चमध्ये ठेवल्या आहेत. ज्यांची गाडी राजेमहाराजांनी रांगेत उभे राहून घेतली, त्यांचे मूळ इतके साधे असेल असे गाडीकडे पाहून कुणाला सुचणार नाही.

लंडनमध्ये कंपनीची पेढी कंड्युइट स्ट्रीटवर, १४-१५ क्रमांकाच्या घरात होती. आज त्या रस्त्यावर महागड्या कपड्यांची दुकाने आहेत. गिऱ्हाईक इथे येऊन मोटार घेत नसे, चासी घेत असे. इंजिन, गिअरपेटी, चाके, पाटे, रेडिएटर आणि पुढची पट्टी एवढेच कंपनी देई. वरचा डबा बांधून घ्यायचा तो बार्कर, हूपर यांसारख्या घोडागाड्या बांधणाऱ्या जुन्या घराण्यांकडून. चासी दोन लांबींची मिळे, चाकांमधले अंतर सव्वाअकरा फुटांच्या आसपास किंवा बारा फुटांच्या जवळ. छोटी खुल्या डब्यासाठी, लांब बंद डब्यासाठी. कुणी उघडी गाडी घेई, कुणी शिकारीची, कुणी चालकाला पावसात ठेवून मालकाला आत बसवणारी. त्यामुळे दोन सिल्व्हर घोस्ट शेजारी उभ्या केल्या तर त्या एका जातीच्या आहेत हे रेडिएटर पाहिल्याशिवाय कळत नाही.

नावाची कहाणीही इथलीच. १९०७ मध्ये क्लॉड जॉन्सन यांनी बाराव्या-तेराव्या क्रमांकाच्या एका चासीवर बार्करकडून उघडा डबा बांधून घेतला. तो ॲल्युमिनिअमच्या रंगाने रंगवला, धातूच्या वस्तूंना चांदीचा मुलामा दिला आणि ‘द सिल्व्हर घोस्ट’ अशी पाटी लावली. तिचा नोंदणी क्रमांक एएक्स २०१. जॉन्सन यांना आपल्या गाड्यांना नावे द्यायचा छंद होता. हे नाव खरे तर त्या एकाच गाडीचे. सगळ्या ४०/५० गाड्यांना ते अधिकृतपणे चिकटले १९२५ मध्ये, पुढचा नमुना ‘न्यू फँटम’ आल्यावर. म्हणजे आपण आज जिला सिल्व्हर घोस्ट म्हणतो, ती बहुतेक काळ या नावाने विकलीच गेली नव्हती.

एएक्स २०१ने केलेला पराक्रम मोटारींच्या इतिहासात अजोड आहे. १९०७च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडची विश्वासार्हता-स्पर्धा जिंकून ती थांबली नाही. रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या निरीक्षकांच्या देखरेखीखाली लंडन-ग्लासगो रस्त्यावर रात्रंदिवस तिच्या फेऱ्या चालू राहिल्या. स्पर्धेच्या सुरुवातीला, ६२९ मैलांवर, हादऱ्याने पेट्रोलची तोटी बंद झाली म्हणून एकदा इंजिन थांबले. त्यानंतर १४,३७१ मैल, म्हणजे सुमारे २३,१०० किलोमीटर, आपणहून एकदाही न थांबता. पंधरा हजार मैल पुरे झाल्यावर क्लबच्या माणसांनी गाडी पूर्ण खोलून प्रत्येक भाग मोजला आणि ती नव्यासारखी करायला लागणाऱ्या भागांची किंमत काढली : २ पौंड, २ शिलिंग, ७ पेनी. रस्ते तेव्हा डांबरी नव्हते, हे लक्षात घ्यावे.

लंडनच्या नैर्ऋत्येला न्यू फॉरेस्ट नावाचे जंगल आहे. मोकळे सोडलेले घोडे इथे रस्त्यावर येऊन उभे राहतात. गावकऱ्यांचे हे चराईचे हक्क शतकानुशतके चालत आले आहेत. या जंगलाच्या कडेला बोल्यू आहे. कारखान्याचे उद्घाटन करणाऱ्या लॉर्ड माँटेग्यूंचे गाव. तिथल्या राष्ट्रीय मोटार संग्रहालयात १९०९ची सिल्व्हर घोस्ट आहे, आणि तिच्यासमोर मी फार वेळ थांबलो. लांबच लांब बॉनेट, पितळी दिवे, उजव्या बाजूला गिअर आणि हातब्रेकचे दांडे. डोळ्यांत भरते ती सुकाणूच्या चाकावरची चिमुकल्या दांड्यांची जागा. एक दांडा ठिणगीची वेळ पुढेमागे करायला, एक पेट्रोल-हवेच्या मिश्रणासाठी आणि एक गव्हर्नरचा. हा तिसरा दांडा ठरावीक जागी ठेवला की इंजिन चढ-उतारावर स्वतःच वेग राखून धरी. आज महागड्या गाड्यांत जी सोय क्रूझ कंट्रोल म्हणून मिरवते, तिचे मूळ रूप तेव्हा इथे होते.

प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, एक मॅग्नेटोवर आणि दुसरा कॉइलवर चालणारा. एक यंत्रणा बिघडली तरी दुसरी घरी पोचवी. सकाळी गाडी सुरू करायची म्हणजे हातपंपाने पेट्रोलच्या टाकीत दाब भरायचा, ठिणगी मागे घ्यायची आणि पुढे जाऊन हँडल मारायचे. पण इंजिन गरम असेल आणि सिलिंडरांत थोडे मिश्रण उरले असेल, तर हँडलला हात न लावता नुसती ठिणगीची कळ हलवली की ते आपोआप सुरू होई. १९०९ची गाडी, स्टार्टर नाही, आणि तरी बसल्या जागेवरून सुरू होते! नव्या चांगल्या गाडीतही इतके बारीक काम सहसा दिसत नाही.

नंतरच्या रोल्स-रॉइसच्या रेडिएटरवर पुढे झुकलेली, वस्त्र उडवणारी स्त्री दिसते. ती १९११ मध्ये आली. शिल्पकार चार्ल्स साइक्स यांनी ती घडवली आणि तिच्यासाठी एलिनर थॉर्नटन यांना समोर बसवले, असे मानले जाते. एलिनर लॉर्ड माँटेग्यूंच्या सेक्रेटरी होत्या. आधी साइक्स यांनी माँटेग्यूंच्या गाडीसाठी ओठांवर बोट ठेवलेली मूर्ती केली होती, ‘द व्हिस्पर’. १९१५ च्या डिसेंबरात माँटेग्यू हिंदुस्थान सरकारचे मोटारवाहतूक सल्लागार म्हणून मुंबईकडे निघाले आणि एलिनर त्यांच्यासोबत होत्या. ३० डिसेंबरला भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुडीने त्यांचे ‘पर्शिया’ जहाज बुडवले. तीनशेहून अधिक माणसे गेली. माँटेग्यू वाचले, एलिनर बुडाल्या. जवळच्या बकलर्स हार्ड या जुन्या जहाजबांधणीच्या गावात या जहाजाच्या आठवणी जपल्या आहेत. मुंबईच्या बंदराला लागणार होते ते जहाज, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

बोल्यूहून पश्चिमेला डॉर्सेटमध्ये बोव्हिंग्टनचे रणगाडा-संग्रहालय आहे. तिथे रोल्स-रॉइसची चिलखती गाडी पाहिली. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेने सिल्व्हर घोस्टच्या चाशा घेतल्या आणि त्यांवर पोलादी पत्रे व फिरता बुरुज बसवून मशिनगन ठेवली. चार टनांच्या आसपास वजन झाले तरी इंजिन आणि मूळ रचना बरीचशी तीच. मागच्या चाकांना जोडटायर आणि पाटे जाड, एवढाच मुख्य बदल. लिबियाच्या वाळवंटात, हेजाझमध्ये ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स यांच्या तुकडीत, पुढे वायव्य सरहद्दीवर या गाड्या वर्षानुवर्षे वापरात होत्या. श्रीमंतांच्या सुखासाठी केलेले यंत्र रणात टिकले, कारण ते सुखासाठी हलके-फुलके केलेलेच नव्हते. लॉरेन्स यांचे क्लाउड्स हिल हे छोटे घर संग्रहालयापासून अगदी जवळ आहे. लॉरेन्स १९३५ मध्ये याच परिसरात मोटारसायकलच्या अपघातात गेले.

संपूर्ण हिशेब असा : इंग्लंडमध्ये ६,१७३ आणि अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात १,७०१, मिळून ७,८७४ सिल्व्हर घोस्ट बनल्या. त्यांतली एक आपल्याही घाटांतून गेली. १९०८ मध्ये ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची ४०/५० मुंबई-कोल्हापूर चाचणीत उतरली. सुमारे ६२० मैलांचा पल्ला, वाटेत सहा घाट. चाचणी तिने जिंकली आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती विकत घेतली. जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरवणाऱ्या या यंत्रवेड्या राजाच्या हाती ती गेली, हे योग्यच झाले. इंग्लंडमध्ये अशा घटनेची पाटी कुठे ना कुठे लागलेली असते. मुंबई-कोल्हापूर वाटेवर अशी पाटी मी पाहिलेली नाही. ती लावावी. बोरघाट किंवा खंबाटकी, कुठेही चालेल. ज्यांच्याकडे त्या चाचणीची जुनी छायाचित्रे किंवा कागद घरात पडून असतील, त्यांनी ते एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा कोल्हापूरच्या संग्रहालयाकडे द्यावेत.